अंगावर एक ओरखडा नाही

आमच्या घरात कुकर नाही. दहा बाय बाराची खोली. तीत टीव्ही आहे, फ्रिज आहे, हप्त्यावर घेतलेला मोबाईल आहे, कुकर नाही. होता. आईनं तो २०१२ साली भंगारवाल्याला दिला. शिटी वाजली की बा जेवता जेवता उठायचा, भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, डोळे वर पत्र्याकडं. अंगाला दरदरून घाम. मग कोणावर तरी ओरडायचा, नाहीतर चपला घालून चालता व्हायचा तो रात्री अकराला पिऊन यायचा. तेव्हापासून आमच्याकडं डाळ टोपात शिजते. तास लागतो. दहा वर्षं आईनं रोज एक तास ज्यादा चुलीपुढं काढला, त्याचा ओव्हरटाईम कोण देणार?

दोस्तांनो, या अंकासाठी माझ्याकडं कविता मागितली होती. कविता नाही देत. जे आपण बोलत नाही ते सरळ गद्यात सांगतो.

२०११ च्या डिसेंबरातली तिसरी पाळी. बा ठेकेदाराच्या टोळीत. जहाजाच्या पोटातून स्टीलच्या कॉईली काढायचं काम. गोदीत राबलेल्याला सांगायला नको: खाली फाळक्यात जोडीदार तार अडकवतात, बाजूला सरतात, वर उभा असलेला शिटी फुंकतो, आणि क्रेन माल उचलते. त्या रात्री शिटी वाजली, कॉईल वर गेली आणि तार तुटली. बाचा जोडीदार, एकाच डब्यात जेवणारा, चौदा वर्षांचा सोबती, जागेवर गेला. बा त्याच्यापासून चार हातांवर उभा होता. बाला काही झालं नाही. एक ओरखडा नाही.

कागदावर लिहिलं गेलं : मृत एक, जखमी निरंक. दुसऱ्या दिवशी मुकादमाचा निरोप आला, पाळीवर या, माणसं कमी आहेत. बा गेला. आमच्यात जातातच. पांढरपेशाच्या घरी मांजर मेलं तरी रजा मिळते, इथं खाडा पडला की हजेरी कापतात.

मी तेव्हा सहावीत होतो. ताई नववीत. त्या 'निरंक'चा हिशोब आम्ही चौघं अजून फेडतोय.

काय काय झालं ते सांगतो. सगळं एकदम झालं नाही. आधी झोप गेली. बा दोन वाजता उठून बसायचा, काळोखात हातानं अंथरूण चाचपायचा. एकदा आईनं खांद्याला हात लावून उठवलं, तर त्यानं झोपेतच असा हात फिरवला की तिचा दात गेला. सकाळी त्याला काही आठवेना. आईनं आम्हाला नियम घालून दिला : "त्येंना हात लावून उठवू नगा. पायथ्याशी उभं ऱ्हावा, लांबून हाक मारा." मग तिनं मांडणीवर भांड्यांखाली वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या, स्टीलवर स्टील वाजू नये म्हणून. ताई दारात उभी राहून बाच्या पावलांवरनं ओळखायची आज कसा आहे, आणि आम्हाला डोळ्यांनी सांगायची. घरातला प्रत्येक माणूस पहारेकरी झाला.

मग बोलणं गेलं. माझा बा लेझीमचा. १४ एप्रिलला आमच्या गल्लीच्या पुढं त्याची लेझीम असायची, पोरं त्याच्याकडनं घाई शिकायची. २०१२ च्या जयंतीला तो मोरीत जाऊन बसला, कानावर हात ठेवून. बाहेर डीजेच्या भिंती, खोलीचे पत्रे थडथडतायत, आणि मोरीत माझा बा. पोरं म्हणाली, प्यायलाय साला. प्यायला होताच. पण दारूनं तो तिथं नेला नव्हता. दारू तो झोपेसाठी प्यायचा. आधी क्वार्टर झोपेसाठी, मग हाफ, मग झोपही नाही आणि पगारही नाही. खाडे वाढले, ठेकेदारानं काढलं. ताईचं नववीतच नाव कमी केलं, ती कारखान्यात पॅकिंगला लागली. मी दहावी झालो आणि गोदीतच लागलो, कारण घराला दुसरी वाट ठाऊक नव्हती. आता मी त्याच फाळक्यात उतरतो. आई मला डबा देताना तोंडाकडं बघत नाही.

नातेवाईक आले, त्यांनी निदान केलं : मेलेल्या जोडीदारानं धरलंय. आमच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. त्या फ्रेमच्या खाली बसून मामानं बाच्या दंडात ताईत बांधला. बाबासाहेब वरनं बघतायत आणि खाली लिंबू कापलंय. आईला बोल लावू नका. दवाखान्यात हाकलून दिलेल्या बाईला बुवाकडं निदान बसायला सांगतात. ती बाला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथं शक्तीचं इंजेक्शन दिलं आणि 'याला दारू सोडायला सांगा' म्हणून सांगितलं. सल्ला फुकट, इंजेक्शनचे शंभर.

२०१८ साली ताईला स्थळ आलं. सगळं जुळलं. मग मुलाच्या मामानं चहा पिता पिता विचारलं, "तुमच्या वडलांचं ते... ते रक्तात तर नाही ना?" आई म्हणाली नाही. त्यांनी चहा संपवला. परत निरोप आला नाही. ताई त्या रात्री बाच्या पायथ्याशी उभी राहून त्याला हाक न मारता नुसती बघत होती. मी जागा होतो. ती काय विचार करत होती ते मी तिला कधी विचारलं नाही.

आता माझं. २०२० च्या मार्चात लॉकडाऊन लागलं, चौघं जण त्या खोलीत कोंडलो. बा दारापासून मोरीपर्यंत चालतोय, मोरीपासून दारापर्यंत. दारू बंद, त्याचे हात थरथरतायत. एप्रिलमध्ये आईच्या हातनं झाकण पडलं. बाच्या आधी मी उठलो. मी आईवर हात उगारला. मारला नाही, पण उगारला. आईनं तोंड झाकलं, बरोबर तसं, जसं ती बापुढं झाकायची. त्या दिवशी मला समजलं की तार बाच्या डोक्यात तुटली होती, पण तिचं टोक माझ्यापर्यंत पोचलंय.

२०२१ साली आमच्या गल्लीतल्या एका वॉर्डबॉयनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "तुझ्या बाला बाधा नाही झालेली, आजार आहे. केसपेपर काढ, मी येतो सोबत." महापालिकेच्या हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी. लाईन जिन्यापर्यंत. लाईनमध्ये सगळे आपलेच : हमाल, घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले. डॉक्टरीण माझ्या वयाची असेल. तिनं बाला विचारलं, "काका, तो दिवस अजून दिसतो का?" बा दहा वर्षांत पहिल्यांदा त्या रात्रीबद्दल बोलला. बोलला म्हणजे, "शिटी" एवढंच म्हणाला आणि रडला. मग तिनं आईला विचारलं, "मावशी, तुम्ही किती तास झोपता?" आईला प्रश्नच कळला नाही. असा प्रश्न तिला कोणी कधी घातलाच नव्हता.

त्या आजाराला इंग्रजीत पीटीएसडी म्हणतात. आपण आघातानंतरचा आजार म्हणू. माणसानं मरण डोळ्यासमोर पाहिलं, स्वतःवर आलेलं किंवा दुसऱ्यावर आलेलं, की काहींच्या बाबतीत ती गोष्ट 'होऊन गेली' म्हणून मेंदूत बसतच नाही. ती पुन्हा पुन्हा चालू होते, स्वप्नात, जागेपणी, एखाद्या आवाजानं, वासानं. अंगातला धोक्याचा भोंगा अडकून बसतो. माणूस दचकतो, चिडतो, झोपत नाही. त्या जागेपासून, त्या विषयापासून पळतो. आणि माया आटल्यासारखा होतो, बायको-पोरांत असून नसल्यासारखा. हे सगळं महिन्याच्या वर टिकलं की डॉक्टर त्याला आजार म्हणतात. ज्याच्यावर आघात झाला त्या प्रत्येकाला हा होत नाही. पुष्कळ जण काही दिवसांत, महिन्यांत सावरतात. ज्याला आधार मिळत नाही, ज्याच्यावर घावावर घाव बसतात, त्याचा धोका जास्त. आता सांगा, घावावर घाव कोणाच्या वाट्याला येतात?

या आजाराला नाव मिळालं त्याचीही कथा आहे. पहिल्या महायुद्धात खंदकातून थरथरत परत आलेल्या सोल्जरांना 'शेल शॉक' झाला म्हणायचे, आणि कित्येकांना भित्रे म्हणून हिणवलं गेलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी भांडण मांडलं, तेव्हा कुठं १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला आपल्या पुस्तकात जागा दिली. म्हणजे आजारालाही मोर्चा काढावा लागतो. आपला मोर्चा अजून निघायचाय.

आमची गोदी बघा. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टिकीन हे जहाज फुटलं. कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं एकाच जहाजात भरलेली. ६६ फायरमन गेले. मेलेल्यांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगतात. फायरमनांची आठवण दरवर्षी त्याच तारखेला होते, आणि व्हायलाच पाहिजे. पण जे हमाल तो आवाज कानात घेऊन चाळीत परत गेले, ज्यांच्या बायकांनी त्यांना लांबून हाक मारून उठवलं असेल, त्यांची मोजदाद कोणी केली?

मोजदाद कशी होते ते कायद्यात वाचा. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक कोष्टक जोडलेलं होतं. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली. तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के. मजुराचा देह खाटकाच्या फळीसारखा मांडलेला, पण निदान मांडलेला. २०२० साली सामाजिक सुरक्षा संहिता केली, तिच्यातही अंगठा आहे, बोटं आहेत. झोप नाही. यादीत नसलेली इजा डॉक्टरनं ठरवायची, अशी वाट कायद्यात आहे म्हणा. पण अपघाताच्या कागदावर जिथं 'जखमी निरंक' लिहिलं, तिथं डॉक्टर ठरवणार काय, कपाळ?

२०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा सांगतो की सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेत मनाचा उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीनं वागवायचं. चांगला कायदा आहे. आणि २०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्सनं १२ राज्यांत जी पाहणी केली, तिच्यात मनाच्या आजारांना उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं. या बारांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडं 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला टाका' ही शिवी आहे, तेवढीच माहिती.

इथवर व्यवस्थेला शिव्या घातल्या. आता आपल्याकडं वळतो, कारण हा अंक आपणच वाचतो.

आपण चळवळीतली माणसं मेलेल्यांची नावं पाठ करतो. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर, पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आपण त्यांना शहिदांच्या रांगेत बसवलं, बरोबर केलं. पण एका गाणाऱ्या माणसाचा जीव त्या दिवसांत कसा झाला असेल, त्याच्याजवळ रात्री कोण बसलं, हा प्रश्न आपण मोर्च्यात कधी विचारला? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भैयालाल भोतमांगे यांचं सगळं घर मारलं गेलं. बायको, मुलगी, दोन मुलं. भैयालाल त्यानंतर दहा वर्षं जगले, २० जानेवारी २०१७ ला गेले. आपण त्यांना न्यायाबद्दल विचारलं. त्यांच्या रात्रीबद्दल विचारणारी एकही घोषणा आपल्याकडं नव्हती. सत्यशोधन समिती जाते, फोटो काढते, पुस्तिका छापते, निघून येते. जळलेलं घर मोजते. त्या घरातलं जे पोर आता अंथरूण ओलं करतंय ते पुस्तिकेत येत नाही.

आणि आपण कवी. त्याच्यायला, 'वेड' हा शब्द आपण कवितेत बिल्ला लावल्यासारखा लावतो. वेड म्हणजे विद्रोह, वेड म्हणजे प्रतिभा. मीही लिहिलंय. माझ्या बाचं वेड विद्रोह नव्हतं. पंचेचाळिशीचा माणूस लेकीसमोर ओल्या लुंगीत उभा राहतो आणि मान वर करत नाही, ते वेड आहे. त्यावर यमक जुळत नाही.

शिवाय आपला वाघपणा. वाघ रडत नाही, वाघ गोळ्या खात नाही, वाघ ओपीडीच्या लाईनीत उभा राहत नाही. मग वाघ काय करतो? घरी येऊन बायकोवर गुरगुरतो. बाहेर विद्रोह, घरात थोबाडीत. यावर मला स्वच्छ बोलायचंय, कारण माझं लिहिणं ढाल म्हणून वापरलं जाईल. बा आजारी होता म्हणून आईचा दात गेला हे खरं. पण मी एप्रिलमध्ये हात उगारला तो आजारानं नाही. मी ते बघत मोठा झालो आणि मला ते सोपं वाटलं. आजार हे मार खाण्याचं कारण सांगून आपल्या बायांना गप्प बसवायचं नाही. आजाऱ्याला उपचार द्या, आणि बाईला निघून जायचा, ओरडायचा, पोलिसांत जायचा हक्कही द्या. दोन्ही एकाच वेळी. आईनं दहा वर्षं सोसलं त्याला मी त्याग म्हणणार नाही. तिला दुसरी जागा नव्हती.

बा आता कसा आहे? बरा झाला असं नाही. गोळ्या चालू आहेत. पहिल्या महिन्यात काहीच फरक नव्हता, गोळी चढायला कित्येक आठवडे लागतात हे आधी सांगितलं होतं म्हणून सोडली नाही. एका समुपदेशक बाईंनी त्याच्याकडून ती रात्र थोडी थोडी बोलवून घेतली, वर्षभर. दारू दोनदा सुटली, दोनदा परत आली, आता आठ महिने नाही. रात्री चार-पाच तास झोपतो. शिटीला अजून दचकतो, पण आता म्हणतो, "शिटी हाय, कुकर हाय." शेजारच्या घरातला. ताई त्याच्याशी फार बोलत नाही. तिची नववी त्याला परत देता येत नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात. गोदीत, कारखान्यात, गटारात माणूस मेला तर त्याच्या शेजारी उभे होते त्यांची नावं कागदावर लिहून घ्या, आणि महिन्यानं, सहा महिन्यांनी त्यांच्या घरी जाऊन बायकोला विचारा, झोपतो का? युनियनवाल्यांनी ही मागणी धरावी. अत्याचार झालेल्या गावात समिती जाईल तेव्हा मनाचं जाणणारा एक माणूस सोबत न्यावा, आणि पुस्तिका छापून झाल्यावरही परत जावं. प्रत्येक वस्तीत दोघांना तरी माहीत पाहिजे की केईएम, नायर, सायन या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि २०२२ पासून १४४१६ या नंबरावर टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट. जयंतीला डीजे लावणाऱ्या पोरांनो, मी तुमच्यातलाच आहे, नाचतो. पण गल्लीत असा एखादा बाप असेल तर त्या दारासमोर आवाज कमी करा. बाबासाहेबांना तेवढ्यानं काही कमी पडणार नाही.

आणि तुमच्या गल्लीत असं घर आहेच. दारूड्याचं घर म्हणून तुम्ही ते ओळखता. एकदा त्या दारी जा. हळू वाजवा. त्याच्यासोबत लाईनीत उभं राहायला तुमची एक पाळी बुडेल. बुडू द्या.

जयभीम.